कास्परचा दुखरा पाय

डावा पाय लंगडायला लागल्यापासून शिकाऊ पोरांना पाठीवर घेणं बंद, वर टोपलीभर गाजरं! स्वीडनमधल्या उप्सालाजवळच्या गुनवोरच्या तबेल्यात कास्पर घोड्याची चंगळ होती. गुनवोर रोज सकाळी त्याच्या दुखऱ्या पायाला पट्टी बांधायची. घोड्यांची डॉक्टर सिग्ने दर आठवड्याला त्याला दुडक्या चालीने पळवून फोनवर व्हिडिओ घ्यायची आणि चाल मोजून फोनच दुखरा पाय सांगायचा.

आज फोनने उजवा पाय सांगितला.

"अगं, आता दुसराही गेला की काय?" गुनवोर गाजरांची टोपली टाकून धावत आली.

सिग्नेने व्हिडिओ पुन्हा नीट पाहिला आणि ती खो-खो हसत सुटली. "गुनवोर, सकाळी पट्टी कुठल्या पायाला बांधलीस?"

"नेहमीच्याच, डाव्या... अगं बाई! उजव्याला बांधली की गं!"



"पट्टी असेल त्या पायाने लंगडतोय लबाड! उद्या शेपटीला बांध. बघू तरी, काय करतो ते!"