मोठ्या गोगलगायीचा प्रश्न

बंदरावरचे इन्स्पेक्टर नियमाचे पक्के. खायच्या समुद्री गोगलगायी विकायला आल्या की एकेक शंख ते लोखंडी कड्यातून घालून बघत. आरपार गेला तर गोगलगाय लहान, म्हणून बेकायदा, म्हणून जप्त. जप्त केलेला माल नष्ट करावा असा नियम आहे, आणि ते काम ते रोज संध्याकाळी घरी, लोणी-लसूण घालून, सहकुटुंब उरकत.

शुक्रवारी बायकोने ताट बाजूला सारलं.

"अहो, उद्या माझे आईबाबा जेवायला येताहेत. त्यांच्यापुढे हे शेंगदाणे वाढू? जावई एवढा साहेब, आणि घरात एक धड मोठी गोगलगाय येत नाही."

"अगं, मोठ्या कायदेशीर असतात. त्या जप्त कशा करणार?"

"मग विकत आणा."

इन्स्पेक्टरांचा घास हातातच राहिला. पंधरा वर्षांच्या नोकरीत त्यांना इतकं टाकून कुणी बोललं नव्हतं.

* * *

शनिवारी सकाळी बंदरावर नवा फलक लागला होता: "मोठ्या गोगलगायी वयाने ज्येष्ठ असल्यामुळे त्यांची विक्री हा त्यांचा अपमान समजला जाईल. आढळल्यास सन्मानपूर्वक जप्त करण्यात येतील."