चौदा नंबर

"आई, रेडिओवर माझा नंबर ऐकलास की जेवून घे. माझी वाट बघत उपाशी बसू नकोस," डेक्लन म्हणायचा. मी तसं कबूल केलं होतं. पोलिसात लागल्यापासून त्याचा नंबर चौदा. तो कानावर पडला की मी देवाचे आभार मानायची आणि सूप वाढून घ्यायची.

यंदा पोलिसांनी रेडिओवरच्या आपल्या बोलण्याला कुलूप घातलं, बाहेरच्या कुणाला ते ऐकू येऊ नये म्हणून. स्वयंपाकघरातल्या माझ्या जुन्या रेडिओतून आता नुसती खरखर येते. म्हणून आज सकाळी मी गावातल्या वर्तमानपत्राच्या कचेरीत गेले.

"तुम्हाला तरी ऐकू येत असेल ना?" मी नव्या संपादकांना, व्होगेलना, विचारलं.

"कुठलं हो, मिसेस डोलन! किल्ली मागून थकलो. म्हणतात, संध्याकाळी पत्रक पाठवू, तेवढं छापा. तोवर आग विझून राख थंड झालेली असते." ते हसले. "तुमचा मुलगा पोलिसात आहे ना? त्यालाच फोन लावा की."

"तो कामावर असतानाच गेला," मी म्हणाले. "दर वर्षी त्या तारखेला, भर दुपारी, रेडिओवर त्याचा नंबर तीनदा पुकारतात. कुणी उत्तर देत नाही. मग मी जेवते. ती तारीख आज आहे."

व्होगेल खुर्चीतून उठले आणि मला दारापर्यंत सोडायला आले.

चर्चसमोर दुपारी गस्तीची गाडी उभी असते. ऊन असलं की तिची काच खाली असते आणि आतला पोलिसांचा रेडिओ बाहेर ऐकू येतो. पाव-चीजचा डबा पिशवीत होताच. तो घेऊन मी तिकडे चालू लागले.