सरांचं ॲप

शहरातल्या बसचं आमचं ॲप सरांनी स्वतः घडवलेलं. त्यामुळे ते बदलूया म्हटलं की त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. "ॲप अवघड नाही, लोक बिनडोक आहेत," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. तेच सिद्ध करायला त्यांनी फर्मान काढलं: त्यांच्यासकट प्रत्येकानं ॲप घरच्या कुणाच्या तरी फोनमध्ये टाकायचं, स्क्रीन रेकॉर्ड होऊ द्यायची आणि नावं लपवून सगळ्यांनी मिळून बघायचं.

सोमवारी पहिलं रेकॉर्डिंग लावलं. कुणीतरी घरी जायची बस शोधत होतं. नकाशा उघडला, बंद झाला. वेळापत्रक उघडलं, ते भलत्याच डेपोचं निघालं. मग पुन्हा नकाशा.

"अरे, समोर बटण आहे, डोळे फुटलेत का?" सर टेबलावर हात आपटून हसले. "कुठल्या बावळटाला पकडून आणलंय? असल्यांनी घराबाहेर पडूच नये!"

"सर, ते बटण खरंच दिसत नाही," मी म्हणाले.

"तुला कुणी विचारलंय? अशांचे लाड करत बसलीस, तर झालंच आपलं काम."

तेवढ्यात रेकॉर्डिंगमध्येच, नकाशाच्या वरच्या बाजूला, एक मेसेज सरकत आला. शेजारी टाय लावलेल्या सरांचा फोटो होता.



"आई, परत चुकलीस? सारखे फोन करू नकोस, मी मीटिंगमध्ये आहे. ॲपमध्ये बघ, सगळं सोपं आहे."