बसलेले घसे

"घसा पार बसला माझा. घरी वाटतं, मी खेळायला नाही, भांडायला जाते," पॅकिंगमधली उंच पोर कुजबुजली.

कपाटांच्या आड बूट बांधत बसलेल्या कॅप्टनने ते ऐकलं. मग ओरडतेस कशाला, हे अगदी तिच्या ओठांवर आलं होतं. गिळलं. कारखान्याच्या बायकांचा व्हॉलीबॉल संघ ती अकरा वर्षं चालवत होती. पण या हंगामात काल आलेल्या पोरीसुद्धा तिच्यावर ओरडायच्या. डावीकडे घे. उंच आहे. सोड, बाहेर जातोय.

एवढ्यावर भागलं नव्हतं. तिला न विचारता पांढरा चेंडू गेला, भडक पिवळा आला. संध्याकाळचा सराव दुपारवर आला. तिने हॉलमधल्या मेल्या मंद दिव्यांना नावं ठेवली, तर सगळ्या जमिनीकडे बघत बसल्या. आणि बुटकी, जिच्याबरोबर तिने इतकी वर्षं एका डब्यात जेवण केलं, ती आपली जागा सोडून कॅप्टनला खेटून उभी राहू लागली. तिच्या वाट्याचे चेंडू घेऊ लागली. घरभेदी कुठली! कॅप्टन हल्ली मशीनशेजारी एकटीच जेवायची. खुर्ची जातेय हे कळायला ज्योतिषी लागत नाही.

आज शेवटचा सामना. कुणी काढण्याआधी आपणच सोडायचं, हे तिने रात्रीच ठरवलं होतं. पण पट्ट्या तीच बांधणार. सामन्याआधी प्रत्येकीच्या दुखऱ्या बोटाला कॅप्टनने पट्टी बांधायची, हा पायंडा तिचाच.

एकेक हात पुढे आला. शेवटचा हात बुटकीचा. कॅप्टनने नेहमीसारखी घट्ट पट्टी गुंडाळली, टोक दाबून बसवलं.

"झालं. आता माझी जागा घे खुशाल. कॅप्टनही तूच हो."

बुटकीने हात मागे घेतला नाही. तिने कॅप्टनचं बोट धरलं आणि पट्टीशेजारच्या बोटावर टेकवलं. ते सुजून टम्म झालं होतं. चटका लागावा इतकं गरम. पट्टी धडधाकट बोटाला बसली होती.

बुटकीचाही घसा बसलेलाच होता.

"तुला चेंडू दिसत नाही गं," ती म्हणाली.