डोळ्याची खिडकी

“पंखात भोक पडलंय,” दिवेवाला म्हणाला. “कालही होतं. तिथे राहतं कोण?”

“नवरा-बायको. भांडण झालं की बटण दाबायचं विसरतात,” चष्मा म्हणाली. संगणक सांभाळणाऱ्या बाईला सगळे चष्माच म्हणायचे, आणि तिला त्याचं काही वाटत नसे.

“मग त्यांची भांडणं सगळ्या चौकानं बघायची का? चित्रात भोक दिसता कामा नये. काय करायचं ते कर.”

“बरं,” ती म्हणाली.

दुसऱ्या संध्याकाळी पंख पुरा होता. तिनं कसं जमवलं, ते त्यानं विचारलं नाही. दारोदार फिरून समजूत घातली असेल. बाई कामाला वाघ होती.

त्यांची कंट्रोल रूम म्हणजे बँकेच्या गच्चीवरची पत्र्याची खोली. समोर, चौकापलीकडे, एक जुनी राहती इमारत. इतकी मळकट, इतकी रडकी, की चौक ओलांडताना कोणी मान वर करून बघत नसे. चौक उजळायचं काम मिळालं तेव्हा दिवेवाल्यानं जुन्या टपाल कचेरीच्या भिंतीवर मोठा व्हिडिओ स्क्रीन चढवला, कारंज्यात रंगीत दिवे सोडले, आणि या इमारतीच्या प्रत्येक खिडकीत एकेक दिवा बसवला. सगळ्या खिडक्या लागल्या की भिंतभर पंख पसरलेला पक्षी दिसायचा. पालिकेची अट एवढीच, की घरच्यांच्या मर्जीशिवाय कोणाच्या खिडकीत दिवा लावायचा नाही. संध्याकाळी घरातल्या माणसानं हिरवं बटण दाबायचं, मग ती खिडकी चित्रात यायची.

पक्ष्याचा डोळा सगळ्यात वरच्या मजल्यावर होता. तिथे दिवेवाल्याची आई राहायची.

हे त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं. सांगणार तरी काय? मायलेकांचं बोलणं कधीचं बंद होतं. त्यानं नवीन घर घेतलं, तिला न्यायला आला, तर ती जागची उठेना. शेजारपाजारचे सगळे सोडून गेले होते, मजल्यावर ती एकटी उरली होती, तरी नाही. “तुझ्या वडिलांनी मला या घरात आणलं. मी इथून हलायची नाही.” शब्दाला शब्द वाढला. “मग मर इथेच,” असं म्हणून तो जिना उतरला. पोटचा पोर आईला असं बोलला. मग त्याची त्यालाच लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून तो परत गेलाच नाही. असला गाढवपणा माणूसच करू जाणे.

दिवा बसवायलाही त्यानं वायरमनला पाठवलं.

“म्हातारी लाघवी आहे हो,” वायरमन परत येऊन म्हणाला. “जिना झेपत नाही, खाली उतरणं सोडलंय म्हणाली. दिवे कोण लावतंय, विचारलं. तुमचं नाव सांगितलं. मग म्हणते कशी, मी बटण दाबलं तर खालून त्याला दिसेल ना?”

दिवेवाल्यानं तोंड फिरवलं आणि उगाच एक वायर ओढून बघितली.

पहिल्या संध्याकाळी डोळा लागला तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला. सुरुवातीला तो कधी लवकर लागायचा, कधी उशिरा. गुडघे धरून उठायचं म्हणजे वेळ लागणारच. पुढे मात्र म्हातारीनं कमाल केली. बाकीच्या खिडक्या कोणी गॅस बंद करून, कोणी कामावरून येऊन, मागेपुढे लावायचे. डोळा ठरल्या वेळेला हटकून लागायचा. शाळेत असताना आईनं त्याचा डबा कधी चुकवला नव्हता, तशीच ही तिची शिस्त, असं त्याला वाटायचं.

धाकटी बहीण परदेशात होती. तिचा फोन यायचा.

“दादा, आई फोन उचलत नाहीये.”

“चार्जिंगला लावायचा विसरली असेल. तिचं नेहमीचंच आहे.”

“एकदा वर जाऊन ये ना. किती दिवस असं तोंड फुगवून बसणार दोघं?”

“तिचा दिवा लागलाय. समोर दिसतोय मला.”

“नक्की?”

“अगं, रोज लागतो.”

धाकटीला हायसं वाटायचं. त्यालाही. बोलणं नसलं म्हणून काय झालं, रोज संध्याकाळी आई उठते, आपल्यासाठी बटण दाबते. राग असता तर दाबलं असतं का? तिनं आपल्याला माफ केलंय, हे त्याला आता पटत चाललं होतं.

चौकात माणसं रेंगाळू लागली. पालिकेचे साहेब येऊन त्याची पाठ थोपटून गेले. “एक खिडकी चुकत नाही तुमची,” म्हणाले.

त्या संध्याकाळी त्यानं मनाचा हिय्या केला. दोघांना उचलून नेता येईल अशी एक हलकी खुर्ची मागवली आणि वायरमनला थांबवून घेतलं. दोघांनी मिळून आईला खुर्चीत बसवायचं, जपून खाली आणायचं, कारंज्याजवळ बसवायचं आणि तिचाच डोळा तिला दाखवायचा. पाया पडायचं. ती चार शिव्या देईल, त्या खायच्या. मग धाकटीला फोन लावून तिच्या हातात द्यायचा.

समोर पक्षी पुरा उजळला होता. जिन्याकडे वळता वळता त्याला शंका आली.

“चष्मा, ती डोळ्याची खिडकी आहे ना, तिथल्या आजी म्हणजे माझी आई. तिला खाली आणतोय. घरात कोणी नसलं तरी डोळा चालू राहील ना?”

चष्माचे हात थांबले. ती त्याच्याकडे बघत राहिली, मग वायरमनकडे, मग त्या खुर्चीकडे.

“साहेब,” ती म्हणाली, “सुरुवातीचे चार दिवस सोडले तर तिथलं बटण कोणी दाबलेलंच नाही. चित्रात भोक नको म्हणालात, तेव्हापासून तो डोळा मीच लावतेय, इथून.”