न उचललेले फोन

समुपदेशनानं तरुण मुलांची दारू खरंच सुटते का, यावर झालेलं एक संशोधन तपासायचं काम उत्कर्षाकडे आलं होतं. सहा महिन्यांनी ज्या मुलांनी फोन उचलला, ती बहुतेक सगळी सुधारली होती. ज्यांनी उचललाच नाही, त्यांच्याबद्दल अहवालात चकार शब्द नव्हता. म्हणून रविवारी दुपारी तिनं नेमके त्यांनाच फोन लावायला घेतले.

खडकीच्या इंद्रजीतचा फोन त्याच्या आईनं घेतला.

"तो अजून उठला नाहीये. आपण कोण?"

उत्कर्षा अडखळली. मुलगा समुपदेशनाला येऊन गेला हे घरच्यांना कळू द्यायचं नाही, असा नियम होता.

"मी उत्कर्षा. थोडं बोलायचं होतं त्यांच्याशी. नंतर करते."

"थांबा, थांबा! मुलीकडच्या का तुम्ही?" आईचा आवाज एकदम उजळला. "अहो, मग मलाच विचारा की! खराडीला कंपनीत आहे, स्वभावानं अगदी गरीब. आणि सुपारीच्या खांडाचंसुद्धा व्यसन नाही हो त्याला!"

नाही म्हणावं, तर मग आपण कोण ते सांगावं लागणार. हो तर म्हणताच येत नव्हतं.

मग आईनं आवाज अगदी खाली आणला.

"मुलगी अंगानं धडधाकट आहे ना हो? मला आता एकटीला उचलवत नाही त्याला."