मामाची घागर

पिंपळगाव राजा या गावात वीज नवीन होती, म्हणून कोकिळाच्या लग्नाला मांडवभर दिवे लावले होते. गोरज मुहूर्ताच्या तोंडावर नवरदेवाच्या काकांनी मांडवाच्या लोखंडी खांबाला हात टेकवला आणि किंचाळून उडी मारली. बँडवाल्यांना वाटलं, काका नाचताहेत. त्यांनी चाल वाढवली.

वायरमन सईदने धावत जाऊन दिवे बंद केले. खांबाला घासून सोललेली वायर त्याने बदलली, पण बटण काही दाबेना.

"अर्थिंग केल्याबिगर लाइट नाही. वायर पुन्हा सोलली तं करंट जमिनीत गेला पाह्यजे, माणसात नाही. मले पुरायले तांबं लागते."

"आता तांबं कुठून आणू बे?" कोकिळाचे वडील शेषराव रडकुंडीला आले.

कोकिळा उठली. मामाने आहेरात दिलेली तांब्याची घागर तिने सईदपुढे ठेवली. "सईदभाऊ, हे पुरा."

"अन् सासरी पाणी कशात भरशील?" मामा ओरडला.

"माठात!"

मग एकच धांदल उडाली. नवरदेव मुंडावळ्या मागे सारून खड्डा खणू लागला. करंट जमिनीत चटकन मुरावा म्हणून आचाऱ्याने खड्ड्यात टाकायला कोळसा आणि मीठ दिलं, करवल्यांनी पाणी ओतलं. पुरलेल्या घागरीची तार सईदने सगळ्या खांबांना जोडली. दिवे लागले. त्याने खांबाला टेस्टर लावून तो पेटत नाही हे दाखवलं, तरी खांबाजवळ कोणी जाईना.

कोकिळाने सरळ जाऊन खांबाला मिठी मारली.

"गार लागून राह्यला!" ती खळखळून हसली.

तशी दोन्हीकडची मंडळी खांबांना मिठ्या मारायला धावली, आणि अंतरपाटापाशी भटजी एकटेच उरले.